उजवीकडून उघडायचं पुस्तक

॥ श्री ॥

मु. केज
भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८४०

राजमान्य राजेश्री रामहरी मुंजाजी शिंपी, मु. नांदूरघाट, यांसी आसाराम पंडित शिंपी याचा रामराम.

इकडचं ठीक आहे, तिकडचं कळवा, एवढं रीतीपुरतं लिहून टाकतो आणि कामाचं सांगतो.

आजवर मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्हीही मला नाही. त्यात कुणी वाईट वाटून घ्यावं असं काही नव्हतं. माझा धाकटा भाऊ आप्पा प्लेगात गेला. पुढं त्याच्या बायकोनं, ताराबाईनं, तुमच्याशी पाट लावला. जातीत चालतं. पंच बसले, पानसुपारी झाली. पोरगा रिवाजाप्रमाणं बापाच्या घरी, म्हणजे माझ्याकडं राहिला. माझी तकरार तेव्हा नव्हती आणि आजही नाही. पण घरातली सून घेऊन जाणाऱ्याला हौसेनं पत्रं लिहावीत इतका मी साधू नाही, हे तुम्ही समजून असाल.

आता लिहितोय ते म्हाळूपायी.

हे पत्र आधी मनात वाचा. ताराबाईला अक्षर येत नाही, म्हणजे तिला जे कळंल ते तुमच्या तोंडून. मी तिच्याशी कधीच बोललेलो नाही. आमच्या घरात ती नांदली तेवढी वर्षं मी दारात खाकरायचो आणि ती पदर ओढून आत जायची. थोरला दीर आणि धाकटी भावजय, दुसरं काय करणार? तिचा आवाज मला भिंतीपलीकडून तेवढा माहीत. तेव्हा सांगायचं ते तुमच्यामार्फतच सांगायला पाहिजे, दुसरा इलाज नाही.

म्हाळू आता सात वर्षांचा आहे. निजाम सरकारच्या मदरशात जातो. तिथं सगळं उर्दू. मौलवी साहेब म्हणतात, पोरगा तेज आहे. घरी येऊन कडूबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, उर्दूत पाणी मागतो आणि ती त्याला मराठीत धपाटा देते. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा धपाट्यामागून गूळही मिळतो.

ताराबाईनं जाण्याआधी त्याच्यासाठी एक पुस्तक केलं. तुम्हाला तिनं सांगितलं असंल, नसंल. कागदाचं नव्हे, कापडाचं. माझ्या दुकानातल्या चिंध्या वेचल्या, मांजरपाटाची पानं कापली, खळ देऊन ताठ केली आणि त्यांवर माणसं टाचली. मदरशात अक्षरं शिकवायला कायदा म्हणून जे पुस्तक देतात, त्यात चित्रं असतात, त्यावरून तिला सुचलं असावं. 'मी चालले' हे पोराला तोंडानं सांगवंना, म्हणून असं सांगितलं.

पहिल्या पानावर आई, बाप आणि पोर एका गोधडीवर. पुढं आई पोराला घास देते. पुढं खुंटीला बापाचं मुंडासं, खाली कोणी नाही. पुढं आई पोराचा हात माझ्या हातात देते. तो मीच, कारण हातात कापड मोजायचा गज आहे आणि नाक नको तेवढं मोठं आहे. पुढच्या पानावर बैलगाडी, आई मागल्या बाजूला बसून पोराकडं बघतीय. शेवटच्या पानावर मी आणि पोर, आणि वर आभाळात तिच्या चोळीच्या खणाचे दोन हात. बाकी अंग नाही, नुसते हात. पुस्तक एवढंच.

जेवणं झाली की आम्ही तिघं ते पुस्तक बघत बसतो. म्हाळू मांडीवर घेऊन पानं उलटतो, कडूबाई त्याच्याशेजारी भाजी निवडत असते. मी समोर बसायचो, म्हणून मला सगळं उलटंच दिसायचं आणि कधी ध्यानात आलं नाही. परवा पाठीला भिंत पाहिजे म्हणून त्याच्या मागं जाऊन टेकलो, तेव्हा कळलं. तो पुस्तक उजवीकडून उघडतो. मदरशात पुस्तक तसंच उघडतात. त्याला दुसरी बाजू कुणी दाखवलीच नाही.

आता तुम्हीच लावून बघा. आधी मी आणि तो एकटे. मग गाडी येते, आईचं तोंड आमच्याकडं. मग मी त्याचा हात आईच्या हातात देतो. मग मुंडासं. मग आई घास भरवते. आणि शेवटी तिघं एका गोधडीवर.

मी म्हणालो, "हे काय बे?"

तर म्हणतो, "आधी आई येती. मग बा येतो. त्येचं मुंडासं खुंटीला हाय की. त्ये घ्याला यील."

आप्पाचं मुंडासं आमच्याकडं अजून खुंटीलाच आहे, हेही खरं.

दर बाजाराला हा पोरगा वेशीत जाऊन बसतो, नांदूरघाटच्या गाड्या सुटतात तिथं. आम्हाला वाटायचं बैल बघतो. तिथून आला की त्या दिवशी जेवत नाही, नुसता भाकरीचा चुरा करतो. मी त्याला धरून डावीकडून सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमी शिंपी. तुमाला पुस्तकातलं काय कळतंय?"

म्हणून मागणं असं, की एका बाजाराला ताराबाईला घेऊन या. पाट लावून गेलेल्या बाईनं आधीच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, हे मला ठाऊक आहे. दुकानाच्या ओट्यावर बसावं. तिनं केलेलं पुस्तक तिनंच डावीकडून उघडून दाखवावं आणि सांगावं, की मी नांदायला परत येणार नाही आणि तुझा बाप तर येणारच नाही. पोर रडंल. रडू द्या. पण मेलेल्या माणसाची वाट बघत पोर वाढायला लागलं, तर ते हाताला लागणार नाही. मला या पोराशिवाय काही नाही, हे तुम्हाला लिहायची लाज वाटते, पण लिहिलं.

मुंबईकडून मानमोडीचा ताप आलाय म्हणतात. बीडला माणसं गेली म्हणे. केजात अजून काही नाही, तेव्हा लवकर या.

उत्तर पाठवू नका. गाडी दिसली की उत्तर आलं समजतो.

आसाराम

॥ श्री ॥

मु. केज
आश्विन शुद्ध चतुर्थी, शके १८४०

रा. रा. रामहरी यांसी आसारामचा रामराम.

तुम्ही गाडी आणलीत. बैल सोडून लिंबाखाली बसलात ते दुकानाकडं पाठ करून, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. मला वाटलं, गुर्मी आहे. कडूबाई म्हणाली, "गुर्मी कशाची? मायलेकराला जागा दिली त्या माणसानं." तिचंच खरं असंल. माझ्या मनात तुमच्याविषयी जे होतं त्यातलं बरंच कमी झालंय, सगळं नाही.

ओट्यावर काय झालं ते तुम्हाला ऐकू आलं नाही आणि ताराबाईनं सांगितलं नसणार. म्हणून मी सांगतो. हेही मनातच वाचा.

गाडी दिसली तेव्हा म्हाळू पळत सुटला नाही. आधी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "बगा. म्हणलं हुतं का न्हाई?" मग गेला.

ताराबाई ओट्याच्या कडेला बसली. दिवस गेलेत, तेही दिसलं. म्हाळूनं पुस्तक आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं डावीकडून उघडलं, सांगितल्याप्रमाणं, आणि म्हणाली, "हितून बगायचं असतंय बाळा."

त्यानं तिचा हात धरून बाजूला केला. "आई, तुला वाचता येत न्हाई. पुस्तक असं उघडत्यात." आणि उजवीकडून उघडलं.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मी काय केलं असंल? गज उचलला आणि तहसील कचेरीतल्या एका साहेबाच्या शेरवानीचं कापड मोजायला लागलो, जे आधीच मोजून कापायला घेतलेलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर कदाचित तिला बळ आलं असतं. पण रिवाज म्हणजे रिवाज, जीभ वळलीच नाही.

मग तिनं त्याच्याबरोबर उजवीकडूनच सगळं पुस्तक वाचलं. 'ही गाडी आली,' म्हणाली. 'आता काकानं हात दिला,' म्हणाली. मुंडाशावर थोडी थांबली आणि तेही म्हणाली. 'आता बा आला.' आणि पुढं घास, आणि पुढं गोधडी. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी तिला एका कामासाठी बोलावलं आणि तिनं बरोबर उलटं केलं. मी असा चिडलो होतो की गाडी निघाली तेव्हा बाहेर आलो नाही, ते तुमच्या ध्यानात आलं असंल. नंतर विचार केला, ओट्याच्या कडेला पोर मांडीशी घेऊन मी बसलो असतो तर काय बोललो असतो?

पण झालं ते वाईटच झालं. आता त्याचं म्हणणं असं, की पुस्तकातलं अर्धं खरं झालं, अर्धं राहिलंय. सर्वपित्रीला कडूबाईनं आप्पाचं ताट वाढून पत्र्यावर ठेवलं, तर हा काठी घेऊन खाली उभा. एक कावळा शिवू दिला नाही. "बा आल्यावर काय खाईल?" म्हणतो. कडूबाईनं पदर तोंडात कोंबला आणि आत गेली. मी त्याला काय सांगणार होतो, की बा तोच होता, तू हाकललास तो?

ताराबाईची तब्येत कळवा. ती खोकत होती. निघताना म्हाळूचं तोंड कुरवाळून तिनं ओट्यावर आलेल्या कडूबाईला हात लावला तेव्हा हात तापलेले होते, असं कडूबाई म्हणते. पोटुशी बाईचं अंग कढत लागतं म्हणतात, तसंच असंल.

म्हाळूच्याही अंगात कालपासून कसर आहे. मान दुखते म्हणतो. रात्रंदिवस पुस्तकात मान घालून बसल्यावर दुखंल नाही तर काय? कडूबाईनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. पोरांना ताप येतच असतो.

ताराबाईला एवढंच वाचून दाखवा, की पोरगा खुशीत आहे आणि तिची आठवण काढतो.

आसाराम

मु. केज
आश्विन पौर्णिमा, शके १८४०

रा. रा. रामहरी यांसी,

कागदाच्या माथ्यावर श्री नाही, हे उघडताच तुम्ही पाहिलं असंल. म्हाळू गेला.

तुमचं पत्र त्यानंतर पोचलं. ताराबाई तापातून उठली हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं, आता खोटं कशाला लिहू? तुम्ही लिहिलंय की सातवा महिना आहे, अशक्तपणा लई आहे, सुईण म्हणते धक्का बसला तर दोन्ही जीव जातील, आणि ती सारखी पोराचं विचारते, तर तिच्यासाठी चार ओळी लिहा. तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं तुम्ही काय मागताय. त्याचा राग नाही.

झालं ते थोडक्यात सांगतो. मानमोडीच होती. मागच्या पत्रात मी तिचं नाव घेतलं नाही, जणू नाव घेतल्यावरच ती घरात शिरणार होती. आता केजात असं घर नाही जिथं कोणी पडलेलं नाही. हकिमानं पुडी दिली, ती उलटून पडली. म्हाळूला पुस्तक हवं होतं पण धरवत नव्हतं. मी धरलं आणि पानं उलटली. उजवीकडूनच उलटली. ताराबाईवर मी त्यासाठी इतका चिडलो होतो, आणि माझी वेळ आली तेव्हा मला दुसरी बाजू आठवलीही नाही.

त्यानं विचारलं, "बा आला का?"

मी म्हणालो, "आला. बाहेर बैल सोडतोय."

मग तो दाराकडं बघत राहिला. नंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. खांदा द्यायला माणूस मिळंना, लोक आपापल्या घरात पडलेले. मी एकट्यानं उचलून नेला. वजन काही नव्हतंच. पुस्तक कडूबाईनं त्याच्याबरोबर दिलं. मी ठेव म्हणालो होतो, तिनं ऐकलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. मीही तिला बोलायला लावलेलं नाही.

आता जे लिहितो ते तुम्ही एकट्यानं वाचून विसरून जा. हा ताप आमच्या घरात कुठून आला? तुमच्या गाडीतून आला, की मदरशातून, की माझ्या गिऱ्हाइकाच्या कापडातून, ते देवाला माहीत. गाडी मी मागवली होती. 'लवकर या,' हेही मीच लिहिलं होतं. पण ताराबाई खुळी नाही. आज ना उद्या तिच्या मनात येईल की आपणच घेऊन गेलो. तसं आलं तर तिला म्हणा, मदरशात आधीपासून पोरं पडली होती. खरंच पडली होती का, ते विचारायला मी गेलो नाही आणि जाणारही नाही.

लोक म्हणतात, पाट लावून गेलेल्या बाईला आधीच्या घरचं सुतक नाही. म्हणोत बापडे. बाळंतपण सुखरूप झालं की तुम्ही तिला काही सांगू नका, मला निरोप द्या. मी येईन आणि माझ्या तोंडानं सांगेन. थोरला दीर बोलला म्हणून आता काय बुडायचं राहिलंय?

आत दुसरा कागद वेगळा घडी करून ठेवलाय. त्यावर श्री घातलाय. तो तिच्यापुढं न्या आणि वाचून दाखवा. त्यात मी खोटं लिहिलेलं नाही. उद्या खरं कळल्यावर तिनं तो कागद कुणाकडून पुन्हा वाचून घेतला, तर मला खोटारडा म्हणू नये, म्हणून एकेक ओळ मापून लिहिली आहे. तुम्ही फक्त आवाज नीट ठेवा. तिनं ओट्यावर ठेवला होता तसा.

हा वरचा कागद त्याआधी फाडून टाका.

आसाराम

॥ श्री ॥

मु. केज
आश्विन पौर्णिमा, शके १८४०

चि. सौ. ताराबाई हिस आसारामचा आशीर्वाद.

मी तुझ्याशी आजवर बोललो नाही. आज बोलतोय, तर चूकभूल पोटात घाल.

तू तापातून उठलीस हे कळलं. फार बरं झालं. केजात ताप आहे, आणि म्हाळूलाही मध्ये आला होता, असं बाजारात कुणी तुझ्या कानावर घालंल, म्हणून मीच सांगतो. आता त्याला ताप नाही. मान दुखत नाही, खोकलाही नाही. तू त्याची फिकीर करू नकोस, स्वतःला जप.

तो आता बाजारच्या दिवशी वेशीत जाऊन बसत नाही. तू आलीस ते फार बरं केलंस. तू गेल्यावर तो पुष्कळ दिवस बोलत होता, आई आली, आई आली, असं साऱ्या गल्लीला सांगत होता. ओट्यावर तू जे वाचून दाखवलंस ते मला त्या वेळी पटलं नव्हतं. आता पटतं. मी असतो तर मीही तसंच वाचलं असतं. तुला हे कळायला पाहिजे म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुझं पुस्तक त्याच्यापाशीच आहे. ते आम्ही त्याच्यापासून घेतलं नाही.

कडूबाई रोज त्याचं ताट मांडते. माझ्याआधी त्याला वाढते.

तुझ्या बाळासाठी कुंची शिवायला घेतली आहे. म्हाळूच्या दिवाळीच्या सदऱ्याला म्हणून हिरवं छिटाचं कापड आणलं होतं, ते पुष्कळ उरलंय. त्याला लाल गोट लावीन. तुझं झालं की मी स्वतः घेऊन येईन, तेव्हा आपण बोलू. तोवर वेळेवर जेव, पाण्याच्या घागरी उचलू नकोस, रामहरी सांगतील तसं ऐक. माणूस चांगला आहे.

म्हाळूला तुला काही निरोप द्यायचा आहे का, असं त्याला विचारता आलं नाही. तो निजलाय. म्हणून त्याच्या वतीनं दंडवत मीच लिहितो.

तुझा थोरला दीर,
आसाराम